फिल्टर मारू नका : संगणकावर जलरंगातलं घर कसं रंगवायचं

हा भाग ऐकण्याऐवजी वाचताय, म्हणजे एकतर हेडफोन घरी राहिलाय, नाहीतर शेजारचे काका मोठ्या आवाजात रील्स बघतायत. हरकत नाही. आजचा विषय तसाही कानांपेक्षा डोळ्यांचाच आहे.

आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका श्रोतीने व्हॉइस नोट पाठवली होती. ती विचारते, "ताई, स्केचअपमधलं मॉडेल हाताने रंगवल्यासारखं दिसायला कुठला फिल्टर मारायचा?" मी पोटापाण्यासाठी हेच काम करते. न बांधलेल्या इमारतींची चित्रं काढते, आणि त्यातली बरीचशी जलरंगासारखी दिसणारी, पण संगणकावर केलेली असतात. त्यामुळे हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी येतो. उत्तर आधीच सांगून टाकते : फिल्टर मारू नका. का, ते आता सविस्तर.

फोटोशॉपच्या फिल्टर गॅलरीत 'वॉटरकलर' नावाचं बटण कित्येक वर्षं पडून आहे. २०१६ मध्ये प्रिझ्मा नावाचं ॲप आलं, आठवतंय? सगळ्यांचे डीपी अचानक पेंटिंग झाले होते. त्यामागे आदल्या वर्षीचं, म्हणजे २०१५ चं एक संशोधन होतं. गॅटिस, एकर आणि बेथ्गे या तिघांनी दाखवलं होतं, की एका चित्राची शैली उचलून दुसऱ्या फोटोवर चढवता येते. तंत्र म्हणून कमालच. पण या सगळ्या फिल्टरांची अडचण एकच. त्यांना दाराची चौकट आणि दारापुढची केराची बादली सारखीच वाटते. दोन्हीवर तितकेच फटकारे, तितकेच ओघळ. चित्रकार असं करत नाही. तो चौकट नीट काढतो, आणि बादली बहुतेक वेळा काढतच नाही. हाताने रंगवलेलं चित्र 'हाताने रंगवलेलं' दिसतं ते यामुळे. काय सोडायचं हे कुणीतरी बसून ठरवलेलं असतं.

आता कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? लुमियन, एन्स्केप, व्ही-रे असताना फोटोसारखं झकास चित्र मिळतंच की. मिळतं ना. म्हणूनच रत्नागिरीच्या बाजूच्या एका घराची गोष्ट सांगते.

जांभ्याचं कौलारू घर. पुढे पडवी, अंगणात तुळशी वृंदावन, मागे माडाची बाग. मालक तीन भाऊ, दोघे मुंबईत, एक गावात. वासे वाळवीने खाल्लेले, कौलं दरवर्षी चाळावी लागतात, आणि चाळणारी माणसं आता मिळत नाहीत. तर छप्पर काढून स्लॅब टाकायचा का, हा प्रश्न. त्यांनी आधी एकाकडून फोटोसारखी चित्रं करून घेतली होती, ती घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. चर्चा कशावर झाली असेल? रेलिंग स्टीलचं की लोखंडी. टाइल्स फार काळ्या वाटतात का. गेटवरचा दिवा कुणालाच आवडला नाही. दोन महिने गेले, छपराबद्दल कुणी बोललंच नाही. फोटोसारखं चित्र बघितलं की माणसाला वाटतं सगळं ठरलंय, आता फक्त नावं ठेवायची तेवढी बाकी आहेत.

मग काम माझ्याकडे आलं. एकाच मॉडेलवरून, एकाच कोनातून, दिवसाच्या एकाच वेळेची मी दोन जलरंगी चित्रं केली. एकात कौलं, एकात स्लॅब. टाइल्स नाहीत. रेलिंग म्हणजे ब्रशचे चार फटकारे. पण छपराची कड, पडवीची खोली आणि सावली, हे सगळं मापात. त्या तिघांची आई, वय ऐंशीच्या पुढे, तिने फोन हातभर लांब धरला, दोन्ही चित्रं मागे-पुढे केली आणि विचारलं, "या दुसऱ्यात पागोळ्या कुठे पडणार गं?"

बस. खरा प्रश्न हाच होता. कौलांचा उतार भिंतीच्या बाहेर अडीच फूट येत होता. स्लॅबला तेवढा छज्जा धरलेलाच नव्हता. म्हणजे पावसाळ्यात पडवी भिजणार, वळचणीला ठेवायची लाकडं भिजणार, चार महिने बाहेर बसायची सोय जाणार. त्या दिवसापासून ग्रुपवर पावसाबद्दल बोलणं सुरू झालं, आणि कोकणातल्या घराबद्दल बोलायचं तर सुरुवात तिथूनच करायला हवी. शेवटी पुढच्या भागावर नवे वासे घालून कौलंच ठेवायची आणि मागे स्वयंपाकघर-न्हाणीघरावर स्लॅब टाकायचा, असं ठरलं. मला स्वतःला मागचा स्लॅब फारसा आवडलेला नाही. पण घर त्यांचं आहे.

तसं बघितलं तर इमारत उभी राहण्याआधी तिचं जलरंगातलं चित्र काढायची पद्धत जुनीच. आपलं सीएसएमटी स्टेशन घ्या. आर्किटेक्ट फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. बांधकाम सुरू झालं १८७८ मध्ये, पूर्ण व्हायला सुमारे दहा वर्षं लागली. पण त्या इमारतीचं एक देखणं जलरंगातलं दृश्य ॲक्सेल हेग नावाच्या चित्रकाराने फार आधी काढून ठेवलं होतं. हा हेग जन्माने स्वीडिश, राहायला इंग्लंडमध्ये, आणि दुसऱ्या आर्किटेक्टांच्या नकाशांवरून अशी चित्रं काढण्यात त्याचा हातखंडा होता. म्हणजे माझाच धंदा, फक्त संगणक नव्हता.

बरं, आता कामाकडे वळू. आधी खरा जलरंग वागतो कसा ते कळायला हवं, नाहीतर संगणकावर नक्कल कशाची करणार?

जलरंग पारदर्शक असतो. उजेड रंगातून आत जातो, खालच्या पांढऱ्या कागदावर आपटतो आणि पुन्हा रंगातूनच बाहेर येतो. म्हणून त्यात चमक असते. एका हातावर दुसरा हात दिला की उजेड आणखी अडतो. समजा एक हात ८० टक्के उजेड परत पाठवतो. दुसरा तसाच हात दिला की ८० टक्क्यांचे ८० टक्के, म्हणजे ६४. तिसऱ्याला साधारण ५१. आता गंमत बघा, फोटोशॉप, क्रिटा, प्रोक्रिएट, सगळीकडे लेअरला 'मल्टिप्लाय' नावाचा जो मोड असतो, तो हाच गुणाकार करतो. म्हणून पहिला नियम : रंगाचे सगळे लेअर मल्टिप्लायवर. पांढरा रंग वापरायचाच नाही. पांढरं हवं तिथे कागद मोकळा सोडायचा.

दुसरी गोष्ट म्हणजे कड. रंगाचा डाग वाळला की कडेला गडद रेघ उमटते. सांडलेला चहा वाळल्यावर कडा उरते ना, तसंच. कडेचं पाणी आधी उडतं, मग मधलं पाणी तिकडे धावतं आणि सोबत रंगाचे कण नेऊन ठेवतं. १९९७ मध्ये कॅसिडी कर्टिस आणि सहकाऱ्यांनी संगणकावर जलरंग तयार करण्याचा एक गाजलेला शोधनिबंध मांडला. त्यात ही काळी कड, कागदाच्या खळग्यांत कण साचणं, ओल कागदात पसरत जाणं, हे सगळं गणिताने करून दाखवलं होतं. आज रिबेलसारख्या सॉफ्टवेअरमध्ये रंग खरोखर ओघळतो, त्याच्या मागे हीच विचारसरणी आहे. आपल्याला एवढंच लक्षात ठेवायचं, की सपाट भरलेला रंग जलरंग वाटत नाही. कड थोडी गडद आणि पोट थोडं हलकं लागतं.

आता मॉडेल. मी त्या कोकणातल्या घराचं मॉडेल दीड दिवसात केलं, कारण त्यात कौलं एकेक करून बसवलीच नाहीत. उताराची जाडी, कडेची पट्टी, खांब, पायऱ्या, बस. जे ब्रशने सुचवता येतं ते मॉडेलमध्ये करायचं नाही. उलट जे मापाचं आहे ते मॉडेलमध्येच अचूक करायचं, कारण छज्जा किती बाहेर येतो हे ब्रशला माहीत नसतं.

कॅमेरा माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर ठेवा, साधारण पाच फूट. त्याचा एक फायदा असा, की सपाट जमिनीवर उभी असलेली तेवढ्याच उंचीची माणसं, जवळची असोत की लांबची, सगळ्यांचे डोळे क्षितिजरेषेवरच येतात. नंतर माणसं टाकताना हिशेब करावा लागत नाही. स्केचअपमध्ये 'टू-पॉइंट पर्स्पेक्टिव्ह' चालू करा, म्हणजे खांब सरळ उभे राहतील. ड्रोनने काढल्यासारखे आकाशातून बघणारे कोन मला अजिबात आवडत नाहीत. घराकडे तसं फक्त कावळा बघतो.

सूर्याबद्दल मात्र थांबून बोलायला हवं, कारण इथे परदेशी ट्युटोरियल बघून शिकलेल्यांचा घोळ होतो. त्यांच्याकडे सूर्य कायम दक्षिणेला. आपल्याकडे तसं नाही. रत्नागिरी साधारण १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या ७-८ तारखेच्या सुमारास आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तिथे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. पेपरात 'शून्य सावलीचा दिवस' म्हणून बातमी येते ती हीच. या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडे असतो आणि उत्तरेच्या भिंतीवर ऊन येतं. म्हणून मॉडेलला खरं ठिकाण द्या, खरी तारीख द्या, आणि सकाळी नऊ किंवा दुपारी चारची वेळ घ्या. त्या वेळी सावली तिरपी पडते आणि पडवी किती खोल आहे ते दिसतं.

मग एकाच कॅमेऱ्यातून चार-पाच वेगवेगळी चित्रं बाहेर काढायची. एक फक्त रेषांचं. एक फक्त सावल्यांचं, म्हणजे सगळं पांढरं आणि सावली तेवढी राखाडी. एक सपाट रंगांचं, ज्यात भिंत एका रंगाची, छप्पर दुसऱ्या, लाकूड तिसऱ्या. हे रंग भडक असले तरी चालतात, ते फक्त सिलेक्शनसाठी असतात. आणि एक अंतराचं, ज्यात जवळचं गडद आणि लांबचं फिकट. स्केचअपमध्ये धुकं चालू करून ते मिळतं, ब्लेंडरमध्ये 'मिस्ट' पास असतो. सगळ्यांचा आकार एकच हवा. ए-३ कागदावर १५० डीपीआयने छापायचं तर २४८० बाय १७५४ पिक्सेल पुरतात. पूर्वी पिरानेसी नावाचं एक सॉफ्टवेअर होतं. त्याच्या फाइलमध्ये प्रत्येक पिक्सेलसोबत त्याचं अंतर आणि मटेरियलही साठवलेलं असायचं, त्यामुळे लांबच्या भिंतीवर ब्रश मारला की फटकारा आपोआप बारीक व्हायचा. आपण या चार-पाच चित्रांतून तेच काम हाताने करतो.

रंगवायला बसलात की पहिल्यांदा संपूर्ण कागदावर एक फिकट पिवळसर हात. त्याने नंतरचे सगळे रंग एका घरातले वाटतात. मग आकाश. मग थेट सावली. हो, भिंतीच्या रंगाआधी सावली. मॉडेलमधून आलेली राखाडी सावली फक्त जागा दाखवायला वापरायची, तिच्यावर स्वतः रंगवायचं. काळा घेऊ नका. आकाशाकडे तोंड असलेल्या सावलीत निळसर जांभळा, आणि छपराच्या खाली, जिथे अंगणातल्या तांबड्या मातीचा उजेड वर फेकला जातो, तिथे कोमट तांबूस. पडवीच्या आत बघितलंय कधी दुपारी? छताची खालची बाजू चक्क नारिंगी दिसते. हे एक जमलं तर चित्र अर्धं झालं. आणि दाराची, खांबाची, पायरीची सावली एकमेकींत मिसळू द्या. सगळ्या मिळून एक मोठा आकार झाला पाहिजे.

जांभ्याचा चिरा रंगवताना एकेक दगड काढायचा मोह होतो. पाच-सहा ठिकाणीच चिऱ्याचे सांधे दाखवा, बाकी डोळा भरून घेतो. कौलांचंही तसंच : कडेच्या दोन ओळी नीट, मध्ये थोडे तुटक फटकारे, आणि जिथे ऊन थेट पडतं तिथे काहीच नाही. अधूनमधून चित्र पूर्ण राखाडी करून बघा. गडद, मध्यम, फिकट, असे तीन टोन स्पष्ट वेगळे दिसले पाहिजेत. दिसत नसतील तर रंग कितीही सुंदर असू दे, चित्र मळकट होणार.

रेषांचं काय? संगणकाची रेष फार शहाणी असते. कोपऱ्यात येऊन बरोबर थांबते. हाताची रेष थोडी पुढे जाते, मध्ये तुटते. स्केचअपमध्ये रेषा पुढे सरकवायची सोय आहे, पण माझा उपाय याहून जुना आहे. रेषांचं चित्र छापते, खिडकीच्या काचेवर लावते, वर पातळ कागद ठेवून पेनाने गिरवते आणि परत आत घेते. पाऊण तास जातो. पण त्या पाऊण तासात घराचा प्रत्येक कोपरा एकदा हाताखालून जातो आणि मॉडेलमधल्या निदान दोन चुका तरी सापडतात. परत आत घेताना फोनचं डॉक्युमेंट स्कॅनर ॲप वापरू नका, ते कागद पांढराफटक करून टाकतं. सावलीतल्या उजेडात साधा फोटो घ्या. रेषा काळ्याऐवजी तपकिरी करा. हातकागदाचा असाच फोटो काढून सगळ्यात वर मल्टिप्लायवर ठेवला की खरखर मिळते. तयार टेक्स्चर विकत घ्यायची काही गरज नाही.

आणि झाडं! इंटरनेटवरच्या फुकट झाडांच्या पॅकमध्ये मेपल असतात, पाइन असतात. सोबत गोरा जॉगर आणि गोल्डन रिट्रीव्हर फुकट. मग चिपळूणच्या बंगल्यापुढे कॅनडा उगवतो. माड, पोफळ, फणस, आंबा, एवढी चार झाडं स्वतः काढायला शिका. माणसं दोनच टाका, पण त्यांना काम द्या. कुणी सुपात काहीतरी निवडतंय, कुणी सायकल भिंतीला टेकवतंय.

आता एआयबद्दल विचारणारच तुम्ही. एका विद्यार्थ्याने मला दाखवलं : मॉडेलचं चित्र दिलं, 'जलरंगात कर' म्हणून सांगितलं, दहा सेकंदांत सुंदर चित्र हजर. खरंच सुंदर. फक्त पडवीला चार खांब होते त्याचे पाच झाले होते आणि एक खिडकी गायब. आकाश, झाडं, कागदाचा पोत यासाठी ते वापरा, माझं काही म्हणणं नाही. पण गावातला सुतार तेच चित्र बघून लाकडाचा अंदाज बांधतो. त्याला पाचवा खांब कुणी समजवायचा?

याच कारणासाठी जलरंगाबद्दलही सावध राहायला हवं, कारण त्यातून खोटंही छान बोलता येतं. फोटोसारखं चित्र दोन वर्षांनी ताडून बघता येतं. जलरंगात मात्र समोरची विजेची डीपी धुक्यात विरघळवता येते, शेजारची सात मजली इमारत आकाशात मिसळून टाकता येते, आणि वर 'किती काव्यमय!' म्हणून कौतुक. माहितीपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात 'कलाकाराची कल्पना' लिहिलं, की झालं. पण रेरा कायदा, २०१६ चा, त्याचं कलम १२ वाचा. जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या चुकीच्या, खोट्या माहितीवर विसंबून कुणी पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं, तर बिल्डरने भरपाई द्यायची, असं त्यात आहे. महारेराचं काम १ मे २०१७ पासून सुरू आहे. माझी स्वतःची पद्धत अशी, की जे अजून ठरलेलं नाही ते चित्रात धूसर ठेवायचं आणि जे ठरलंय किंवा आधीपासून तिथे उभं आहे ते धूसर करायचं नाही. रेलिंग ठरलं नाही? चार फटकारे. डीपी आहे? मग ती चित्रात येणार, हवं तर सावलीत. यावरून एक-दोन कामं हातची गेलीही.

लॅपटॉप नसेल तर? फोनवरही जमतं. आयबिसपेंटमध्ये लेअर आहेत, मल्टिप्लाय आहे, ब्रश पुरेसे आहेत. लॅपटॉप असेल तर क्रिटा आणि ब्लेंडर दोन्ही फुकट. फोनवर सुरुवात करायची तर मॉडेलही नको. सकाळी नऊच्या सुमारास तुमच्याच गल्लीतल्या एखाद्या जुन्या घराचा सरळ समोरून फोटो काढा, तो खालच्या लेअरवर फिकट करा, आणि वर मल्टिप्लायच्या तीनच लेअरवर काम करा : एक पिवळसर हात, एक सावली, एक रंग. दोन बोटांनी झूम करून बारीक काम करत बसू नका. चित्र पूर्ण स्क्रीनवर दिसत असतानाच रंगवा, म्हणजे नको ते आपोआप सुटतं.

झालं की मला पाठवा. फक्त व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो दाबून लहान होतो आणि कागदाच्या खरखरीचा पार चिखल होतो. पुढच्या भागात आलेल्या चित्रांपैकी तीन-चार घेऊन बसू आणि सावल्या तपासू. सोबत घराचं तोंड कुठल्या दिशेला आहे तेवढं लिहायला विसरू नका.